अडीच पोळ्यांचा हिवाळा

डिसेंबर 2022 मध्ये लंडनजवळच्या एका घरी मला एक फ्रीज उघडून दाखवण्यात आला. त्यात दूध नव्हतं, अंडी नव्हती, भाजी नव्हती. मधले कप्पे काढून टाकलेले. तळाशी झाकणाला भोकं पाडलेला एक प्लॅस्टिकचा डबा, डब्यात किंचित ओलसर माती, आणि मातीत अर्धं रुतून बसलेलं एक कासव. डब्यातून एक बारीक तार फ्रीजच्या दारातून बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला चिकटवलेल्या छोट्या पडद्यावर आकडा दिसत होता: 5.1.

घर माझ्या मावसबहिणीच्या शेजारणीचं. सत्तरी ओलांडलेल्या बाई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी डबा हळूच बाहेर काढला, कासव मातीतून उचलून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं आणि वहीत आकडा लिहिला. महिन्याभरापूर्वीची नोंद होती 2010 ग्रॅम. त्या दिवशी भरलं 1994. एका महिन्यात सोळा ग्रॅम. त्यांनी मला बोट लावून पाहायला सांगितलं. नदीतला गोटा पहाटे हाताला लागावा तसा तो स्पर्श होता. मी पुढच्या पायाच्या खवल्यांना अगदी हलकं बोट लावलं. काहीच झालं नाही. मग, मी हात मागे घेतल्यावर, इतक्या सावकाश की आधी भास वाटावा, तो पाय कवचात थोडासा आत गेला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं स्थितप्रज्ञाचं कासव लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते अंग आवरून घेणं मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे, पाच अंश सेल्सिअसवर.

कासव जिवंत होतं, ठणठणीत होतं, आणि मार्चपर्यंत तिथेच राहणार होतं.

मग बाई मला बैठकीच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे खिडकीपाशी पलंगाएवढ्या लांबीचं, कडेला फळ्या लावलेलं एक उघडं मेज होतं. वर एक प्रखर दिवा, शेजारी निळसर पांढऱ्या उजेडाची नळी, कोपऱ्यात जाळीत बसवलेला चिनी मातीचा हीटर. दिव्याच्या बरोबर खाली, मान लांब करून, मागचे पाय सैल पसरून एक कासव शेकत बसलं होतं. काळ्या पाठीवर उंचवटे, प्रत्येक उंचवट्यावरून पिवळ्या रेघा चांदणीसारख्या फुटलेल्या. मी पाहताक्षणी ओळखलं. हे आपल्याकडचं तारा कासव, गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवरचं, आंध्र-तमिळनाडूच्या झुडपी रानातलं, श्रीलंकेतलं. हे मात्र इंग्लंडमध्येच अंड्यातून बाहेर आलेलं, कागदपत्रांसह घेतलेलं होतं.

एका घरात दोन कासवं. एकाला थंड ठेवण्यासाठी वीज जळत होती, दुसऱ्याला गरम ठेवण्यासाठी. दोघांच्या मध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, विजेच्या स्मार्ट मीटरचा पडदा दर काही सेकंदांनी पौंड आणि पेन्स मोजत होता. त्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या जवळजवळ प्रत्येक घराचं लक्ष त्या पडद्याकडे असायचं. मी मात्र त्या दिवसापासून वेगळ्याच हिशेबात अडकलो. एका कासवाला उबेत ठेवायला नेमकं किती लागतं? आणि ते एरवी कोण भरतं?

हिशेबाची सुरुवात आपल्यापासूनच करावी लागते. आपण ज्या पोळ्या-भाकऱ्या खातो त्यांतला मोठा वाटा चालण्या-बोलण्यात जात नाही, तो शरीराचं यंत्र नुसतं चालू ठेवण्यात जातो आणि शेवटी उष्णता होऊन अंगातून बाहेर पडतो. नुसता पडून असलेला प्रौढ माणूस साधारण ऐंशी वॉटच्या दिव्याइतकी उष्णता देत असतो. सभागृह भरलं की उकडायला लागतं ते याचमुळे. दिवस असो वा रात्र, जाग असो वा झोप, ही भट्टी विझत नाही. सस्तन प्राणी आणि पक्षी यांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी हा सौदा केला. बाहेर काहीही असो, आत सदतीस-अडतीस अंश, पक्ष्यांत त्याहूनही थोडे जास्त. किंमत एकच: सतत खात राहायचं.

कासवानं हा सौदा केला नाही. जीवशास्त्रज्ञ प्राण्याच्या वजनावरून त्याची विश्रांतीतली ऊर्जेची गरज काढतात. त्या ढोबळ सूत्रानं दोन किलोच्या सशाला दिवसाला सुमारे 118 किलोकॅलरी लागतात. दोन किलोच्या कासवाला, ते चांगल्या उबदार हवेत असताना, सुमारे 17. एक साधी पोळी शंभर किलोकॅलरींची धरली तर सशाला रोज सव्वा पोळी, कासवाला एक पोळी सहा दिवस. वॉटमध्ये सांगायचं तर ससा पाच-सहा वॉटवर चालतो आणि कासव एका वॉटपेक्षाही कमी, जेमतेम 0.8 वॉटवर. घरात इतक्या कमी विजेवर चालणाऱ्या वस्तू थोड्याच, भिंतीच्या बटणावरच्या लाल ठिपक्यासारख्या.

याचा अर्थ कासवाला ऊब लागत नाही असा नाही. 'थंड रक्ताचा प्राणी' हा शब्दप्रयोग इथे फसवतो. उन्हात बसलेल्या कासवाचं रक्त आपल्याइतकंच, पस्तीस अंशांच्या आसपास गरम असू शकतं. त्या तापमानाला त्याचे स्नायू चालतात, पोटातलं गवत पचतं, रोगाशी लढणाऱ्या पेशी कामाला लागतात. फक्त ती ऊब ते स्वतः तयार करत नाही. ती सूर्याकडून घेतं, रोजच्या रोज. आपण शेकोटी पोटात घेऊन फिरतो, कासवाची शेकोटी आकाशात आहे. म्हणूनच ते 0.8 वॉटवर जगू शकतं.

आणि म्हणूनच त्याला त्या आकाशाखालून उचलून ढगाळ देशात नेलं की सूर्याचं काम कुणाला तरी करावं लागतं.

बाईंच्या मेजावरचा हिशेब मी कागदावर मांडला. शंभर वॉटचा दिवा रोज बारा तास म्हणजे 1.2 युनिट. चोवीस वॉटची नळी तेवढाच वेळ, जवळजवळ 0.3 युनिट. रात्री खोली थंडावली की थर्मोस्टॅटच्या हुकुमानं चालू-बंद होणारा हीटर, अर्धा युनिट धरा. एकूण दोन युनिट. म्हणजे चोवीस तासांच्या सरासरीनं सुमारे ऐंशी वॉट. एका माणसाच्या अंगातून बाहेर पडते तेवढीच उष्णता, 0.8 वॉटच्या जिवाभोवती. शंभरपट! माणूस चोवीस तास त्या कासवाला पोटाशी धरून बसला असता तर त्यानं जेवढी ऊब दिली असती, तेवढी ती यंत्रं देत होती.

ही यंत्रं तीन का, एकच हीटर का नाही, हे मला आधी कळलं नव्हतं. सूर्य एकाच वेळी तीन कामं करतो, आणि माणसाला ती वेगवेगळ्या दुकानांतून आणावी लागतात. पहिलं काम उजेड, ज्यावरून कासवाला कळतं की दिवस उजाडला, आता खायचं. दुसरं काम अवरक्त किरणांची ऊब. ती वरून यावी लागते, कारण कासवाचं सगळं शरीर पाठीनं ऊन पिण्यासाठी बनलेलं आहे. खोलीची हवा तापवून तेवढं साधत नाही. तिसरं काम अतिनील किरणांचं. त्यांच्यामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याच्याशिवाय आहारातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कासवाचं कवच म्हणजे त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा, रुंदावून एकमेकांना जुळलेला. कॅल्शियम कमी पडलं की घरच मऊ पडतं. काचेतून हे किरण फारसे येत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीतल्या उन्हात बसवून भागत नाही. ती निळसर नळी म्हणूनच हवी.

आपल्या संतांच्या वाङ्मयात कासवीची एक प्रतिमा पुन्हा पुन्हा येते. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती दूरवरून नुसती पाहते, आणि त्या नजरेवर पिल्लं पोसली जातात. प्राणिशास्त्रात हे खरं नाही. जमिनीवरची कासवी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. पण त्या मेजाशी उभा असताना ती प्रतिमा मला अगदी नेमकी वाटली. पंधरा कोटी किलोमीटरांवरून, स्पर्श न करता, कुणीतरी नुसतं पाहतं आणि हाडं घट्ट होतात. नजर कासवीची नसते, सूर्याची असते. एवढाच फरक.

आता पुन्हा फ्रीजकडे. तिथलं कासव भूमध्य समुद्राकाठच्या जातीचं होतं. हर्मनचं कासव म्हणतात त्याला; स्पेनपासून बाल्कन देशांपर्यंतच्या डोंगरउतारांवर राहतं. तिथे हिवाळा खरा असतो, म्हणून या जातीनं शीतनिद्रा शिकून घेतली. तारा कासवाला ती येत नाही. त्याच्या मुलखात तशी गरजच कधी पडली नाही.

शीतनिद्रेचं गणित साधं आहे आणि थक्क करणारं आहे. शरीरातल्या रासायनिक क्रिया तापमानावर चालतात. दर दहा अंशांनी पारा उतरला की त्यांचा वेग साधारण दोन ते तीन पटींनी मंदावतो. अडीचपट धरू. पंचवीस अंशांवर 0.8 वॉटनं चालणारं कासव पाच अंशांवर 0.13 वॉटवर येतं. तीन महिन्यांचा एकूण खर्च काढला तर तो येतो सुमारे 240 किलोकॅलरी. चरबीत मोजला तर 27 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे तूप. पोळ्यांत मोजला तर अडीच पोळ्या.

अडीच पोळ्यांवर अख्खा हिवाळा. मी हा हिशेब तीनदा तपासला, कारण माझाच विश्वास बसेना. पण वहीतले आकडे त्याला साक्ष होते. महिन्याला सोळा ग्रॅम, त्यात काही चरबी आणि काही श्वासावाटे उडून गेलेलं पाणी.

पण हे गणित पाच अंशांचं आहे. पारा पंधरावर राहिला तर तोच खर्च अडीचपट होतो, सहा पोळ्यांवर जातो. आणि कासव धड झोपेत नसतं, धड जागं नसतं. हालचाल करतं, चरबी जाळतं, पण खाऊ शकत नाही, कारण तेवढ्या गारठ्यात पोट पचवू शकत नाही. वसंत येईपर्यंत ते रिकामं होतं. उलट पारा शून्याखाली गेला तर डोळ्यांतलं पाणी गोठतं आणि कासव आंधळं होऊन उठतं, किंवा उठतच नाही. सुरक्षित पट्टा तीन ते आठ अंशांचा, आणि उत्तम जागा पाचच्या आसपास. बाई सांगत होत्या, पूर्वी घरात कोठीची खोली असायची, तळघर असायचं, तिथे हिवाळाभर असाच गारवा टिकायचा. आता घरं सगळीकडून तापवलेली, आणि बाहेरच्या हवेचा भरवसा नाही. डिसेंबरात एका आठवड्यात पाणी गोठतं, पुढच्या आठवड्यात तेरा अंश. त्यामुळे बाहेर हाडं गारठवणारी थंडी असताना घरात एक यंत्र वीज खाऊन एका प्राण्याला नेमकं गार ठेवतं. त्यातही एक खाच आहे. फ्रीज फक्त थंड करू शकतो, गरम करू शकत नाही. तो बाहेरच्या शेडमध्ये ठेवला आणि शेडच शून्याखाली गेली, तर आतलं कासवही गोठतं. म्हणून तो स्वयंपाकघरात.

तयारीही आधीपासून. झोपवण्याआधी तीन-चार आठवडे खाणं बंद, कारण पोटात राहिलेलं अन्न थंडीत पचत नाही, सडतं. त्या काळात रोज कोमट पाण्यात बसवायचं, म्हणजे ते पोटभर पाणी पितं. कासवाचं मूत्राशय ही त्याची पाण्याची टाकी आहे. मग हळूहळू तापमान उतरवायचं. फ्रीजमध्ये गेल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा दार उघडून हवा बदलायची. 0.13 वॉटवर जगणाऱ्या जिवाला श्वासालाही तेवढंच पुरतं. आणि अशक्त किंवा आजारी कासवाला झोपवायचंच नाही. त्याला तो हिवाळा दिव्याखाली काढू द्यायचा, मग बिल कितीही येवो. बाईंच्या कासवानं आदल्या वर्षी न्यूमोनियामुळे असा जागता हिवाळा काढला होता.

इंग्लंडचं आणि कासवाचं नातं जुनं आहे. त्यातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे गिल्बर्ट व्हाइट, हॅम्पशरमधल्या सेलबर्न गावचा पाद्री. 1780 च्या मार्चमध्ये त्यानं आपल्या वारलेल्या आत्याच्या बागेतून एक झोपलेलं कासव उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांवरच्या आपल्या घरी आणलं. नाव टिमोथी. पुढची तेरा वर्षं तो त्याच्या मागे वही घेऊन फिरला. कधी जमिनीत शिरलं, कधी बाहेर आलं, पाऊस पडणार असला की कसं आडोशाला जातं, सगळं टिपलं. पोहता येतं का पाहायला एकदा पाण्याच्या पिंपात सोडलं. ते बुडालं आणि तळाशी चालू लागलं. त्याची मला सगळ्यात भावलेली नोंद शरद ऋतूतली आहे. ऊन तिरपं आणि अशक्त झालं की टिमोथी बागेच्या भिंतीला टेकून आपलं कवच कलतं करायचं, म्हणजे मिळेल तो किरण पाठीवर सरळ पडावा. सौरऊर्जेचं पॅनेल सूर्याकडे कललेलं असतं त्यामागची भूमिती या कासवाला ठाऊक होती, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका पाद्र्याला ती दिसली. त्याच्या निरीक्षणांचं पुस्तक 1789 चं. व्हाइट 1793 मध्ये गेला, टिमोथी पुढच्या वर्षी. त्याचं कवच आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. ते मादीचं आहे, हे नंतर कळलं.

त्याच नावाचं आणखी एक कासव, तेही मादीच निघालेलं, डेव्हनमधल्या पाउडरम किल्ल्यात 2004 पर्यंत होतं. 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात ती ब्रिटिश युद्धनौकेवर होती, सेव्हास्टोपोलवर तोफा डागल्या जात असताना. वय सुमारे 160 भरलं असावं. एवढे इंग्रजी हिवाळे ही भूमध्य जातीची कासवं काढू शकतात ते शीतनिद्रेच्या बळावर.

पण नशीबवान थोडीच. विसाव्या शतकात मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इथून ही कासवं पेटाऱ्यांत रचून लाखांनी ब्रिटनमध्ये आणली गेली आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत, बाजारात स्वस्तात विकली गेली. मुलांच्या 'ब्लू पीटर' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात 1963 पासून कासव होतं, आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्याला खोक्यात झोपवणं हा ठरलेला प्रसंग असायचा. देशभरची मुलं आपापल्या कासवांना तसंच खोक्यात ठेवायची. प्रवासात खंगलेली, पोटात पाणी नसलेली, चरबी नसलेली कासवं. त्यांतली फार थोडी वसंत पाहायची. पुढे ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्यानं कवचाची लांबी आणि वजन यांचं कोष्टक मांडलं, म्हणजे झोपवण्याआधी कासवाच्या अंगात हिवाळ्यापुरतं आहे की नाही हे ताडून पाहता यावं. 1984 मध्ये या जातींच्या व्यापारी आयातीवर बंदी आली. अडीच पोळ्यांची शिदोरी बरोबर आहे की नाही, एवढं पाहिलं असतं तर किती जीव वाचले असते, या विचारानं मला आजही चुटपूट लागते.

आता 2022. फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला, युरोपात गॅसचे भाव भडकले, आणि गॅसवर वीज करणाऱ्या ब्रिटनमध्ये विजेचे. 2021 च्या ऑक्टोबरात युनिटला सरासरी 21 पेन्स पडत होते. एका वर्षात, सरकारनं वरची मर्यादा बांधून दिल्यावरही, 34 पेन्स. पौंड तेव्हा साधारण शंभर रुपयांचा होता, म्हणजे एका युनिटला चौतीस रुपये. घर तापवायचं की नीट जेवायचं, असा प्रश्न अनेक म्हाताऱ्या माणसांपुढे खरोखर उभा होता. बाई स्वतः घरात दोन स्वेटर घालून बसत आणि हीटिंग संध्याकाळी दोनच तास लावत. तारा कासवाचा दिवा मात्र सकाळी सातला लागायचा म्हणजे लागायचाच. महिन्याला वीस पौंड त्या मेजाचे. फ्रीज रोज एक तृतीयांश युनिट खायचा, महिन्याला साडेतीन पौंड. मेजाची सगळी वीज वाया जात होती असंही नाही. दिव्याची ऊब शेवटी त्याच खोलीत राहते. बाई दुपारी खुर्ची ओढून मेजाशेजारी बसून वाचत, आणि मला ते दृश्य फार सुंदर वाटलं: एकाच दिव्यापाशी शेकणारे दोन वृद्ध जीव.

खरी अडचण होती ती मोठ्या कासवांच्या मालकांची. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर सल्काटा नावाचं कासव राहतं. बेटांवरची महाकाय कासवं सोडली तर जगातलं सगळ्यात मोठं. दुकानात ते तळहातावर मावतं, वीस वर्षांत चाळीस-पन्नास किलोंचं होतं. स्वतःच्या मुलखात ते उन्हापासून वाचायला खोल बिळं खणतं. इंग्लंडमध्ये ते बागेतल्या लाकडी शेडमध्ये हिवाळा काढतं, आणि शीतनिद्रा त्यालाही येत नाही. एक किलोवॉटचा हीटर निम्मा वेळ चालला तरी रोज बारा युनिट, दिवसाला चार पौंड, महिन्याला एकशे वीसच्या वर. आपल्याकडच्या भाषेत महिना 360 युनिट, महावितरणच्या बिलात तिसऱ्या टप्प्यात जाणारे, एका कासवासाठी.

पण इथेही एक हिशेब आहे, आणि तो मला आनंद देऊन गेला. शेड तापवायचीच कशाला? कासवापुरती पेटी तापवा. सहा चौरस मीटर पृष्ठभागाची, पाऊण बोट जाडीच्या नुसत्या फळ्यांची पेटी घेतली आणि आत-बाहेर पंचवीस अंशांचा फरक ठेवायचा म्हटला, तर तिच्या भिंतींतून सुमारे साडेपाचशे वॉट उष्णता निसटते. त्याच पेटीला आतून पाच सेंटिमीटर जाडीचे उष्णतारोधक फोमचे पत्रे लावले तर साठ. नऊपट फरक, आणि पत्रे एकदाच घ्यायचे. ऊब आत धरून ठेवते ती पत्र्यांतली कोंडलेली हवा, गोधडीतल्या थरांमधली धरते तशीच. त्या हिवाळ्यात अनेक मालकांनी हेच केलं. शेडच्या आत पेटी, पेटीच्या तोंडाला जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. ज्यांना तेवढंही जमलं नाही, ते आपलं कासव कुणी घेईल का म्हणून विचारत फिरत होते. पन्नास किलोंचा, शंभरी गाठू शकणारा प्राणी कोण घेणार!

निघताना मी तारा कासवाच्या मेजाशी पुन्हा थांबलो. ते दिव्याखालून उठून सावकाश चालत माठाच्या पानांकडे आलं होतं. मला आठवलं, ही जात मी लहानपणी पहिल्यांदा पाहिली ती घरातच. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात, मोरीत, प्लॅस्टिकच्या टबात, दोन बोटं पाण्यात. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं, आपण वाकून आधी त्याला हात लावतो. त्या श्रद्धेचंच हे घरगुती रूप असावं. पण ते माळावरचं कासव होतं, पाण्यातलं नव्हे. मराठीत दोघांना एकच शब्द असल्यानं अनेकांना हा फरक माहीत नसतो. फरशीच्या मोरीत ऊन येत नव्हतं. दिवा नव्हता, नळी नव्हती. त्याचं कवच दाबलं की किंचित आत जायचं आणि आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची. आता कळतं, ते काय होतं. सूर्याचं बिल कुणी भरत नव्हतं, म्हणून ते त्या प्राण्याच्या हाडांतून वसूल होत होतं.

अशी तारा कासवं आजही महाराष्ट्रातल्या शहरांत घराघरांतून आहेत. ती रानातून पकडलेली असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे, आणि 2019 पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आहे. तुमच्या किंवा ओळखीच्या घरी असं कासव असेल तर ते परस्पर नदीत किंवा तलावात सोडू नका, ते बुडून मरेल. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. आणि कुणी येईपर्यंत ते टबातून काढून कोरड्या जागी, अंगणात किंवा गच्चीत, सकाळच्या उन्हात ठेवा, शेजारी सावलीही असू द्या.